न ओळखलेली खिरापत

माझा दादा तीन वर्षं सातासमुद्रापलीकडं शिकून आला आणि येताना ट्रंकेतून मक्याची कणसं घेऊन आला.

कणसं! निळी, लाल, काळपट, एकेका कणसात चार रंगांचे दाणे. बाकी ट्रंकेत एक गवती टोपी, एक घोंगडीसारखी शाल आणि गुंडाळी केलेली पदवी. ती पदवी कामरगावात काय, सगळ्या वऱ्हाडात कोणाला वाचता येत नव्हती. माय, बाबा, आजोबा, मी आणि शेजारची कस्तुराकाकू, सगळे त्या ट्रंकेवर वाकून बसलो होतो. काकूनं एक कणीस उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाली, "काय बाप्पा! याच्यासाठी जहाजात बसून गेल्ता काय रे जगदेव? मले सांगतास त आमच्या धुऱ्यावरचं तोडून देलं असतं."

दादा हसला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं, कारण दादाच्या त्या ट्रंकेवर माझी शाळा टांगलेली होती.

त्याच वर्षी मी सातवीची फायनल पास झाले होते. नुसती पास नाही, आमच्या केंद्रातल्या सगळ्या पोट्ट्यांच्या वर नंबर काढून! वर्गात मुलगी म्हणजे मी एकटी. तेव्हापासून माझी मान जरा ताठच झाली होती, खोटं कशाला सांगू. मास्तर स्वतः घरी आले आणि म्हणाले, "अंजनाला अमरावतीच्या मुलींच्या हायस्कुलात घाला. राहायची सोय आहे. मी विचारून ठेवलंय, दिवाळीपर्यंत तिची जागा धरून ठेवतो म्हणतात."

पण आमच्या घरात कोणी कोणाला कुठं घालायचं हे नानाजी ठरवायचे. नानाजी म्हणजे माझे आजोबा. मळा त्यांचा, मोट त्यांची, शब्दही त्यांचा. वांग्यामिरच्यांचे वाफे ते असे आखायचे की बाईनं भांग पाडावा. त्यांचं बोलणं संपलं की ते विचारत, "समजलं काय?" आणि आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "हाव जी." समजो न समजो. बाबांच्या डोक्यावर केस पांढरे झाले तरी तेही "हाव जी". माय तर नानाजींनी तोंड उघडायच्या आधीच म्हणायची.

मास्तर गेल्यावर नानाजी म्हणाले, "आधी जगदेवले येऊ दे. एवढ्या दूर धाडलं, शिकून काय आनतो ते पाहू. त्याच्यानं घराचं नाव झालं त पोट्टीले धाडू अमरावतीले. नाही त सातवी लय झाली. समजलं काय?"

"हाव जी," आम्ही म्हणालो.

आणि दादानं आणली कणसं.

तसं बघितलं तर दादाची परदेशवारी पहिल्यापासूनच गावाला पटली नव्हती. तो नागपूरच्या शेतकी कॉलेजात होता. तिथल्या एका निधीतून मुलं बाहेरदेशी पाठवत. विलायतेच्या जागा बड्या लोकांच्या पोरांनी घेतल्या आणि उरली ती मेक्सिकोची. गावानं विलायत ऐकली होती. मेक्सिको कोणी ऐकलं नव्हतं. "हे मेक्शिको विलायतेच्या अलीकडं का पलीकडं?" असं जो तो विचारायचा. पलीकडं म्हटलं की लोकांना वाटायचं, मग विलायतेहून भारी असणार. अलीकडं म्हटलं की म्हणायचे, "मंग पोट्टं अर्ध्यातच उतरलं म्हना की."

तो आल्यावर पंधरा दिवसांत सगळं उघडं पडलं. पारावर त्याला बोलावलं आणि जातीचे पंच रंगराव म्हणाले, "बोल बरं विंग्रजी." दादा म्हणाला, "तिकडं विंग्रजी नाही चालत. स्पॅनिश बोलतात." मग स्पॅनिश बोल म्हणाले. तो बोलला. आमचा सालदार पोट धरून हसायला लागला. शेतकी खात्यात नोकरी लागेल म्हणून बाबांनी त्याला एका साहेबाकडं नेलं, तर साहेबानं पदवी आडवी धरली, उभी धरली आणि परत दिली.

दुसरं कोणी असतं तर त्याला लाज वाटली असती. दादाला नाही! तो घरी आला, हातपाय धुतले आणि चुलीपुढं मायजवळ जाऊन बसला. "माय, बियाची कनसं तू चुलीवरच काहून टांगतं वं?" मायला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. ती आधी घाबरली. तिला वाटलं, काही चुकलं. मग हळूहळू सांगायला लागली, धुरानं कीड लागत नाही, खालच्या बाजूची कणसं आधी वापरायची, असं. दादा गुडघ्याला मिठी मारून ऐकत बसला आणि म्हणाला, "तिकडच्या बायाबी असंच टांगतात." मग दोघं अशी हसली, जणू तिकडच्या बाया म्हणजे मायच्या माहेरच्या.

वर दादा स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला. कस्तुराकाकूनं कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक. "शिकून आला म्हनतात. काय शिकला? भांडे घासाले!"

मळ्याच्या कोपऱ्यात त्यानं ती रंगीत कणसं पेरली. त्याच मातीत मक्याच्या धांड्यावर चढणारा वाल, आणि खाली भोपळ्याचे वेल. ओळ नाही, वाफा नाही, सगळा गुंता. नानाजी रोज सकाळी त्या कोपऱ्याकडं पाठ करून चिलीम ओढत.

"दादा," मी एकदा न राहवून म्हणाले, "तू काहीतरी मोठं कर ना! भाषण कर. कारंज्याच्या बाजारात टोपी घालून हिंड. तिकडचे वाडे कसे, मोटारी कशा, हे सांग पारावर."

"मी वाड्यात नव्हतो राहात. एका म्हातारीच्या घरी राहात होतो."

"मंग खोटं सांग!"

तो वालाचा वेल धांड्यावर चढवायला लागला. मी पाय आपटत निघून गेले. दिवाळी जवळ येऊन राह्यली होती.

शेवटी मीच ठरवलं. भुलाबाईचा महिना चालू होता. आमच्याकडं भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसते, आणि रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर जाऊन टिपऱ्या खेळतो, गाणी म्हणतो. गाणी झाली की त्या घरची पोरगी झाकलेला डबा आणते. डब्यात खिरापत. डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी वास, आवाज यावरून आत काय ते ओळखायचं. ओळखलं तर त्या घराची फजिती, नाही ओळखलं तर त्या घराची वर्षभर वाहवा. आमच्यातल्या गोमतीच्या घरच्या खिरापतीचं नाव तीन वर्षं निघत होतं, कारण तिच्या मायनं आंबाडीच्या फुलांचं काहीतरी केलं होतं. कोजागरीला शेवटचा खेळ आमच्या अंगणात होता. त्या दिवशी बाप्ये मंडळीही दूध प्यायला येतात. म्हणजे नानाजी, रंगराव, सगळं गाव!

"मले अशी खिरापत पाहिजे," मी दादाला म्हटलं, "की इथल्या कोनाच्या बापाले ओळखता येनार नाही. तिकडची."

या वेळी मात्र तो टुणकन उठला. त्याचा मका वाळला होता. त्यानं दाणे काढले आणि नानाजींच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून त्यात ते शिजवले. माय ओरडली, "चुन्यात? तोंड भाजन ना पोरींचं!" पण सकाळी दाणे धुतल्यावर साल अशी सुटली की मायनंच हात घातला. पाट्यावर वाटलं. तिळाचं तेल, गूळ, अर्ध्या पिठात लाल मिरची. मक्याच्याच सोपटात, म्हणजे कणसावरच्या पाल्यात, एकेक पुडी बांधून गंजात वाफवली. तामाल म्हणतात म्हणे. चुलीतून असा वास आला की मी तिथंच मनातल्या मनात अमरावतीची ट्रंक भरली.

कोजागरीला अंगण भरलं. नानाजी बाजेवर, त्यांच्या शेजारी रंगराव. गाणी झाली आणि मी डबा आणला. हलवला. आवाजच नाही!

"वलं का कोरडं?" गोमती म्हणाली.

"मधलं."

"गोड का तिखट?"

"दोनी!"

"मुटके! कानवले! धिरडं! उंडे!" पोरी ओरडत होत्या, मी मान हलवत होते. "लाडू? घारगे? अवं, भाकर हाय का काय डब्यात?" शेवटी गोमतीनं कपाळावर हात मारला. "हारलो बाई, हारलो! उघड आता."

मी झाकण काढलं. सोपटातल्या पुड्या पाहून सगळ्यांनी "अगंऽऽ" केलं. मी मुद्दाम पहिली पुडी नानाजींना दिली. त्यांनी सोडली, एक घास घेतला. सगळं अंगण पाहत होतं.

"मऊ हाय," नानाजी म्हणाले. "बोळक्याले बरं हाय. जगदेवनं आनलं हे?"

"हाव जी!" मी म्हणाले. माझा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल.

रंगरावांनी दोन खाल्ले. बायका सोपटं चाटत होत्या. आणि कस्तुराकाकू, तिच्या जिभेला हाड नाही, म्हणाली, "जगदेव, तिकडच्या बाया याच्यात असंच तेल घालतात काय रे?"

आता इथं "हाव काकू" म्हणायला काय जात होतं?

"नाही काकू," दादा म्हणाला. "तिकडं डुकराची चरबी घालतात. आपन तिळाचं तेल घातलं."

दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. एका बाईनं पोराच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. कोणी थुंकलं, कोणी तांब्या शोधायला धावलं. गोमती तेवढी चावतच होती. "चांगलं त हाय वं," म्हणाली आणि तिच्या मायची चापट खाल्ली.

रंगराव उभे राहिले. "अन् तू? तिकडं तू खाल्लं ते?"

मी रंगरावांच्या मागं होते. डबा छातीशी धरून मी दादाकडं बघत जोरजोरात मान हलवली. नाही म्हण. नाही म्हण ना रे!

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग रंगरावांकडं.

"खाल्लं," तो म्हणाला.

सकाळी रंगराव येऊन शुद्धीचे नियम सांगून गेले. मुंडण, नदीवर आंघोळ, पंचगव्य, आणि पंचांपुढं हात जोडून "चुकलं" म्हणायचं. तोवर आमच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, पंगतीला बोलावणार नाही. ते गेल्यावर नानाजींनी मला हाक मारली.

"जगदेव चुकलं म्हनला त तू अमरावतीले. नाही म्हनला त कोनी कुठं जाऊन नाही राह्यलं. समजलं काय?"

"हाव जी," मी म्हणाले आणि पळत मळ्यात गेले.

दादा त्याच्या गुंत्यात उभा राहून वालाच्या शेंगा तोडत होता.

"एक शब्द हाय, दादा! चुकलं. चार अक्षरंबी नाहीत. म्हन आन मोकळा हो!"

"मुंडन करीन. पंचगव्य पेईन. पन ते नाही म्हनत."

"काहून?"

"चुकलं नाही म्हनून."

माझा संताप अनावर झाला. मी त्याच्या हातातली टोपली हिसकावून फेकली. "तीन वर्षं! लोकं बाहेरदेशी जाऊन बालिस्टर होतात, डाक्टर होतात. तू काय शिकून आला रे? काय भेटलं तुले तिकडं? मले एक गोष्ट सांग. एक!"

तो खाली बसून शेंगा गोळा करायला लागला. गोळा करता करता बोलला.

"मी गेलो तेव्हा मले तिथली भाषा येत नव्हती. फक्त 'सी' येत होतं. सी म्हनजे हाव. मंग कोनी काही बोललं की मी म्हनो सी. म्हातारी विचारे पोट भरलं का? सी. भूक हाय का? सी. तिले कळेना, याले वाढू का उचलू. पोट्ट्यांनी विचारलं, घोडा येते का? सी. फेकलं त्या घोड्यानं मले तळ्यात. कोनी विचारलं, तुहा बाप राजा हाय का? सी! महिनाभर मले राजपुत्र म्हनत होते."

मला हसू यायला लागलं म्हणून मी अजूनच चिडले.

"वर्गात मास्तर विचारे, समजलं काय? मी सी. रोज. वर्ष सरलं आन मी सगळ्या विषयात उडालो. मास्तर म्हने, तू त रोज हाव म्हनत होता. घरी येऊन तापानं पडलो. त्या म्हातारीनं मले मांडीवर घेऊन ते तामाल खाऊ घातले. पोटात काही नव्हतं दोन दिवसाचं. खाल्ल्यावर समजलं आत काय होतं. अन् खरं सांगू? दुसऱ्या दिवशी अजून मागितलं."

"शीऽऽ!"

"बरा झालो तेव्हा तिनं मले एक वाक्य शिकवलं. नो एन्तिएन्दो. समजलं नाही. म्हने, हे वर्गात उभं राहून म्हन. पयल्या दिवशी बाक घट्ट धरून म्हटलं, अंजना. सगळा वर्ग हसला. पन मास्तरनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, नो एन्तिएन्दो. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा समजलं. अन् मंग बाजूचा एक पोट्टा हळूच म्हने, मलेबी आताच समजलं." त्यानं टोपली उचलली. "मले हेच भेटलं तिकडं. बाकी मका."

"अन् माही अमरावती?" मी ओरडले.

त्याचे डोळे भरून आले, पण "चुकलं" म्हणतो असं काही तो म्हणाला नाही. मी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवून घरी आले.

संध्याकाळी पंच आले. दादानं मुंडण करून घेतलं, पंचगव्य घेतलं, सगळं निमूटपणे. शेवटी रंगराव म्हणाले, "आता म्हन, चुकलं." दादा म्हणाला, "काका, भुकेल्याले तिनं मायेनं खाऊ घातलं. त्याले चूक नाही म्हनता येत मले." रंगराव धोतर झटकून उठले. अंगण रिकामं झालं. आता दादासाठी पंगतीत जागा नाही, आमच्यासाठीही नाही, हे त्यांच्या पाठीकडं पाहूनच समजलं.

नानाजी बाजेवर बसले. मग माझ्याकडं वळले.

"झालं. त्यानं नाव घालवलं. अमरावती बंद. दिवाळीनंतर तुह्यासाठी स्थळ पाहू. समजलं काय?"

"हाव जी," बाबा म्हणाले.

"हाव जी," माय दारातून म्हणाली.

माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. अर्धं बाहेरही पडलं असेल. पण समोर ओसरीवर दादा बसला होता, तुळतुळीत डोक्याचा, आणि मला एकदम तो घोड्यावरून तळ्यात पडताना दिसला.

"नाही समजलं," मी म्हणाले.

नानाजींनी कानाला हात लावला. "काय?"

"मले नाही समजलं, नानाजी. खाल्लं दादानं. मंग शाळा माही काहून बंद?"

बाबांनी मान खाली घातली. नानाजींना राग आला, पण आधी आश्चर्यच जास्त वाटलं असावं. बाज करकरली.

"घराचं नाव गेलं म्हनून."

"मी सगळ्या पोट्ट्यांच्या वर नंबर काढला तेव्हा मास्तर म्हने, घराचं नाव काढलं. ते नाव कुठं गेलं? समजलं नाही."

"पोरीची जात. दूर धाडून—"

"दादा त पोराची जात होता. तो दूर जाऊन आला, तेबी तुमाले नाही आवडलं. मंग पोराले धाडावं का पोरीले? समजलं नाही." माझं तोंड थांबत नव्हतं. एकदा सुटल्यावर ते थांबतं कुठं!

"हे कार्टं तुह्या नादानं बिघडलं," नानाजी दादावर ओरडले. मग दाराकडं पाहून म्हणाले, "सांग वं सूनबाई, हिले समजावून सांग."

माय पदर ओढून उभी होती. तिनं आधी बाबांकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"मामाजी," ती म्हणाली, "मलेबी नाही समजलं."

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली. नानाजींनी पानाचा डबा उघडला, पान काढलं, चुन्याची डबी उघडली. ती दादानं मक्यासाठी रिकामी केली होती. त्यांनी ती रिकामी डबी पाहिली, बंद केली आणि कोरडंच पान तोंडात टाकलं.

"अमरावतीले," ते पान चघळत म्हणाले, "पोरींना जेवाले काय घालतात?"

नानाजींनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. म्हणजे खरा, "हाव जी" उत्तर नसलेला.

"मले मालूम नाही," मी म्हणाले.

"अन् काही भलतंसलतं घातलं त?"

"त सुटीत येऊन सांगीन. दादासारखं. जे खाईन ते खरं खरं सांगीन, पारावर उभं राहून."

नानाजींनी घाईघाईनं दोन्ही हात वर केले.

"नको!" ते म्हणाले. "जाय, शीक, काय खायचं ते खाय. पन सांगू नको बाई. समजलं काय?"

"हाव जी," मी म्हणाले. "हे समजलं."